तिला आवड नाही, हे ठरवलं कुणी?

तुमची मुलगी डी.एल.एड.च्या, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.च्या, दुसऱ्या वर्षाला आहे आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे शिकवण्याच्या सरावासाठी, मेळघाटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. तिथली कोरकू आदिवासी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत म्हणून ती फोनवर रडते. तिला शिकवण्याची आवडच दिसत नाही, तर एमपीएससीला बसवू का, असं तुम्ही परतवाड्याहून विचारता.

मला खटकलं ते वेगळंच. ‘मेडिकल हुकलं म्हणून डी.एड.ला टाकलं’ हे तुम्ही एकाच पत्रात तीनदा लिहिलंय. मग घरात किती वेळा ऐकवत असाल? वडीलच ज्या कामाला कमी लेखतात, त्यात तिने जीव ओतायचा कसा? हे बोलणं आजच बंद करा.

‘पोरं मंद आहेत, वर्गात कोरकू बोलूच देऊ नको’ हा तुमचा सल्लाही तिने मुळीच ऐकू नये. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी बरीचशी कळते. कोरकूचं तसं नाही. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीहून पार वेगळी. बाई काय विचारतात हेच कळलं नाही, तर पहिलीतलं पोर गप्पच बसणार. घरच्या भाषेने मराठी बिघडत नाही. बेरीज कोरकूत कळली, की मराठीत फक्त शब्द शिकायचे उरतात. शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा, असं शिक्षण हक्क कायदाही २००९पासून सांगतोय.

तुमच्या पत्रात एक ओळ सहज आलीय: हीच मुलं मधल्या सुट्टीत चिंचोक्यांवरून हुज्जत घालतात आणि हिशेब चोख ठेवतात, असं ती सांगते. अहो, हे तिने टिपलं! आवड नसती तर सुट्टीभर मोबाइल बघत बसली असती. तिला सांगा, तेच चिंचोके वर्गात घे. मुलांकडून कोरकू आकडे शिक, चुकलीस तर त्यांना दुरुस्त करू दे. चौथी-पाचवीतली एखादी दोन्ही भाषा येणारी मुलगी मदतीला घे. मराठी आकडे त्यानंतर फळ्यावर लिही.

परीक्षांचं म्हणाल तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, मग टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी), आणि भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, त्यामुळे तो विषय आज नकोच.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका.