इंदूरहून सत्तरीचे आई-बाबा आणि सात वर्षांचा मुलगा घेऊन वाघ बघायला जायचंय. कान्हा, बांधवगड की पेंच?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: पाच जणांसाठी कुठलं जंगल, डिसेंबरचा शेवटचा आठवडा चालेल का, आणि एका रिसॉर्टवर सवलत चालू आहे तर ते आत्ताच बुक करून टाकावं का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिली दोन त्यावरच अवलंबून आहेत. रिसॉर्ट आत्ता बुक करू नका.

आधी जंगलसफारीचा परवाना, मग रेल्वेचं तिकीट, सगळ्यात शेवटी खोली. दर गेटवर एका फेरीला किती गाड्या आत सोडायच्या याचा आकडा ठरलेला असतो, तो वाढत नाही. खोल्या गेटबाहेर हव्या तितक्या मिळतात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मग कान्हात मुक्कीला खोली, पण परवाना मिळाला कान्हा झोनचा, ज्याचा प्रवेश खटियातून, अशी गत होते. नकाशावर दोन्ही गेट ‘कान्हा’च दिसतात, पण बाहेरच्या रस्त्याने एकाकडून दुसऱ्याकडे जायला तास-दीड तास सहज लागतो. सकाळची फेरी उजाडताना सुटते. म्हणजे थंडीत आई-बाबांना पहाटे चारला गाडीत बसवायचं. तेव्हा परवान्यावर कुठलं गेट आहे ते पाहायचं आणि त्याच गेटच्या पाच-सात किलोमीटरच्या आत खोली घ्यायची.

परवाना एमपी ऑनलाइनच्या वनविभागाच्या पोर्टलवर मिळतो. बुकिंग साधारण चार महिने आधी उघडतं आणि नाताळाच्या तारखा उघडल्या उघडल्या संपतात. जंगल, झोन, तारीख, सकाळ की दुपार हे निवडलं की प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक विचारतात. घाई इथेच नडते. आपल्याकडे ज्येष्ठ बायकांच्या कागदांवर नावं एकसारखी नसतात. आधारवर ‘सुलोचना’ तर मतदार ओळखपत्रावर ‘सुलोचनाबाई’, कुठे माहेरचं आडनाव. कुठल्या कागदाचा क्रमांक भरणार ते आधी ठरवा, त्यावर जसं आहे तसंच नाव टाइप करा आणि तोच मूळ कागद गेटवर न्या. झेरॉक्स चालेल असं धरून चालू नका. एकदा परवाना निघाला की ‘काकांऐवजी मामा येतील’ हे जमत नाही, म्हणून कोण येणार हे पक्कं झाल्यावरच पैसे भरा. पोर्टलवर खातं उघडणं आणि सगळ्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवणं ही कामं आदल्या रात्रीच उरका.

पूर्ण गाडीचा परवाना आणि एका सीटचा परवाना असे दोन प्रकार असतात. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपमध्ये, ड्रायव्हर आणि गाइड सोडून सहा पर्यटक बसतात. तुम्ही पाच आहात, तेव्हा पूर्ण गाडीच घ्या. सीटवाल्या परवान्यात अनोळखी लोक सोबत येतात आणि बाबांना मध्येच थांबायचं असेल किंवा मुलगा कंटाळला तर पंचाईत होते. आणखी एक लक्षात घ्या: परवान्याचे पैसे, जिप्सीचं भाडं आणि गाइडची फी हे तीन वेगळे खर्च आहेत. पोर्टलवर फक्त पहिला भरला जातो. रिसॉर्टवाले ‘सफारी इतक्याला’ असा एकच आकडा सांगतात. तो तीन भागांत फोडून मागा, म्हणजे वरची कमाई किती ते कळतं. जिप्सी आणि गाइडसाठी रोख ठेवा, गेटच्या गावात नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही. गाइड आपल्या पाळीने मिळतो, निवडून घेता येत नाही, तेव्हा ‘आमचा गाइड वाघ दाखवतोच’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

आता जंगल. निव्वळ वाघ दिसण्याची शक्यता मोजायची तर बांधवगड. इंदूरकरांना एक सोयही आहे: इंदूर–बिलासपूर नर्मदा एक्सप्रेस थेट उमरियाला थांबते आणि तिथून ताला गाव तासाभरावर. ताला, मगधी आणि खितौली ही कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, तिन्ही गेट एकमेकांपासून जवळ आहेत, त्यामुळे तालात मुक्काम केला की कुठलंही मिळालं तरी चालतं. वर सांगितलेला कान्ह्याचा घोळ इथे होत नाही. अडचण एवढीच की रात्रभराची गाडी, थांबे भरपूर आणि उतरल्यावर पुन्हा रस्ता. मोठं हॉस्पिटल हाताशी नाही. रक्तदाब-शुगरवाल्या माणसांना घेऊन जाताना हा विचार करावा लागतो.

कान्हा तिघांत सगळ्यात देखणं. सालाचं जंगल, पहाटे धुकं बसलेली मोठमोठी गवताळ मैदानं, आणि बारशिंगा हे हरीण. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा एके काळी नामशेष व्हायला आला होता, तो इथेच वाचवला गेला आणि इथूनच सातपुडा-बांधवगडला नेऊन सोडला. पण इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर आणि पुढे खटियापर्यंत साडेतीन-चार तास मोटारीने. जंगलातल्या फेऱ्याही लांब. पहिल्याच वेळी, सत्तरीच्या माणसांबरोबर, मी कान्हा सुचवणार नाही.

तुमच्यासाठी पेंच. मुख्य कारण वंदे भारत. ती इंदूरहून सकाळी लवकर निघते आणि दुपारी नागपूरला पोचवते. नागपूरहून तुरिया गेट दोन तासांवर, रस्ता चांगला. दिवसाउजेडी प्रवास, रात्र आपल्या अंथरुणात, आणि काही झालंच तर नागपूरची हॉस्पिटलं दोन तासांवर. वाटेत महामार्ग काही ठिकाणी खांबांवर उचललेला दिसेल, तो जनावरांना खालून जाता यावं म्हणून. मुलाला तिथेच दाखवा, जंगल तिथूनच सुरू झालेलं असतं. पेंचमध्ये सागाचं विरळ जंगल जास्त असल्यामुळे नजर आतपर्यंत जाते. २९ बछड्यांना जन्म देणारी ‘कॉलरवाली’ वाघीण इथलीच. २०२२ मध्ये ती गेली. नागपूरच्या बाजूलाही पेंच आहे, सिल्लारी आणि खुर्सापार ही त्याची गेट. ते महाराष्ट्राच्या वनखात्याकडे, तिथलं पोर्टल वेगळं, नियम वेगळे. नावसाधर्म्यामुळे चुकीच्या राज्याचा परवाना काढणारे दरवर्षी असतात, तेव्हा ‘तुरिया’ हे नाव पाहूनच पैसे भरा.

(कुणी ‘रातापानी जवळ आहे की’ म्हणेल. खरंच जवळ आहे, भोपाळच्या पलीकडेच. डिसेंबर २०२४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याला डॉ. विष्णू वाकणकरांचं नाव मिळालं, म्हणजे आपल्या उज्जैनच्या, भीमबेटका शोधणाऱ्या वाकणकरांचं. भीमबेटका बघायला जरूर जा, पण पहिल्या व्याघ्रदर्शनाची मदार त्याच्यावर ठेवू नका.)

तारखांचं गणित दोन वारांवर बसतं. मध्य प्रदेशातली ही जंगलं १ ऑक्टोबर ते ३० जून उघडी असतात, पण बुधवारी दुपारची फेरी बंद असते. आणि वंदे भारत आठवड्यातून एक दिवस, रविवारी, धावत नाही. तिकीट काढताना वेळापत्रकात तेवढं एकदा पाहून घ्या. म्हणून सोमवारी निघा. मंगळवारी सकाळची फेरी, दुपारची हवी तर तुम्ही दोघं आणि मुलगा जा, आई-बाबांना झोपू द्या. बुधवारी सकाळची फेरी. दुपार नाहीतरी बंद, तेव्हा सगळ्यांना विश्रांती किंवा जवळच्या पचधार गावात कुंभारांची चाकं बघायला चक्कर. गुरुवारी सकाळी शेवटची फेरी, शुक्रवारी परत. असं केलं तर शनिवार-रविवारची गर्दीही टळते. परतीची गाडी नागपूरहून दुपारची आहे, म्हणून शुक्रवारी सकाळची फेरी घेण्याचा मोह आवरा. फेरी अकराच्या सुमारास संपते, आंघोळ-नाश्ता-बिल करता करता बारा वाजतात आणि मग नागपूरच्या गर्दीत घड्याळाकडे बघत बसावं लागतं.

तीन फेऱ्यांपेक्षा कमी करू नका. एका फेरीत वाघ न दिसणं अगदी नेहमीचं आहे. पैसे मोजायचे तर सकाळच्या फेऱ्यांवर मोजा. थंडीत सकाळची फेरी दुपारच्या मानाने बरीच लांब असते आणि रात्रीच्या ताज्या ठशांवरून माग काढता येतो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र सोडा. परवाना मिळत नाही हे एक, आणि मिळाला तर एका वाघाभोवती वीस जिप्स्या. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीत संक्रांतीनंतर बघा. शाळेची अडचण असेल तर इंदूरकरांच्या हाताशी एक सुट्टी आहे जी बाकीच्या बहुतेक देशाला नसते: रंगपंचमी. आपण इथे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघत असतो तेव्हा जबलपूर-नागपूरकडे कामाचा दिवस असतो, त्यामुळे गर्दी कमी. मार्चमध्ये पानगळ झालेली असते, पाणी आटायला लागतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. फक्त धुळवडीच्या दिवशी जंगल बंद असतं तेवढं टाळा आणि मुलाच्या परीक्षेचं बघा. एप्रिल-मेमध्ये वाघ सगळ्यात जास्त दिसतो हे खरं, पण उघड्या जिप्सीत बेचाळीस अंशांत आई-बाबांना नेऊ नये.

कोअरचा परवाना नाहीच मिळाला तर त्याच पोर्टलवर बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, बघा: पेंचला खवासा, बांधवगडला धमोखर, कान्ह्यात खटियाचं बफर. कोअरची हद्द वाघाला ठाऊक नसते. फक्त रात्रीच्या सफारीच्या जुन्या जाहिराती अजून फिरतात त्यांना भुलू नका. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करायला सांगितलं आणि कोअरच्या पर्यटन क्षेत्रात मोबाइलही वर्ज्य केला. म्हणजे परवाना फोनमध्ये ठेवून भागणार नाही, दोन प्रती छापून न्या. फोटो हवे असतील तर साधा का होईना कॅमेरा लागेल. कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण जास्त कामाची; ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. २०× लिहिलेली स्वस्त दुर्बीण घेऊ नका, हालत्या गाडीत तिच्यातून फक्त थरथरणारं हिरवं दिसतं. मुलाला ८×३० हलकी पडेल.

जिप्सीत मागची बाक उंच आणि थेट मागच्या चाकांवर असते, धक्के तिलाच जास्त. आई-बाबांना पुढच्या बाकावर बसवा, कमरेमागे छोटी उशी द्या. चढायला पायरी उंच पडते. रिसॉर्टमधून निघताना स्टूल मिळतं, पण आत नाश्त्याच्या जागी उतरताना मिळत नाही, तेव्हा एक प्लॅस्टिकचं छोटं स्टूल गाडीत टाकून ठेवा. स्वच्छतागृह आतल्या ठरावीक थांब्यावरच असतं. निघताना दोन घोटांपलीकडे चहा नको, आणि सकाळी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी तिची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावी.

थंडीला कुणीही नीट घाबरत नाही. इंदूरची थंडी ही थंडीच नव्हे. उघडी जिप्सी पहाटे पाच-सहा अंशांत धावते तेव्हा वारा हाडात शिरतो. एक जाड जॅकेट चालत नाही, कारण नऊ वाजता ऊन चढतं आणि ते कुठे ठेवायचं कळत नाही. आत गरम बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीही, हातमोजे, कानटोपी, मांडीवर घोंगडी. रिसॉर्ट गरम पाण्याच्या पिशव्या देतं का ते विचारा. रंग खाकी, मातकट, शेवाळी. पांढरं आणि लाल नको, अत्तर नको. आणि शेवेचा पुडा खोलीवरच राहू द्या, गाडीत खाणं बंद असतं.

आत गेल्यावर गाइडला ‘वाघ कुठे?’ विचारत राहू नका, कान द्या: शिकारी जनावर दिसलं की बाकीची ओरडून इशारा देतात. चितळ बिबट्यालाही ओरडतं आणि कधी उगाचच. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खाकरत असेल तर तिथे थांबावं. सांबराची ‘ढांक’ मात्र क्वचितच खोटी असते. ती ऐकू आली की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं बसून राहा. सात वर्षांच्या मुलाला ही दहा मिनिटं अवघड जातात. त्याला जाण्याआधीच या तीन आवाजांच्या नकला शिकवून ठेवा, म्हणजे तो बोलण्याऐवजी ऐकत बसतो.