कोकणातले फोटो एडिट केल्यावर दुसऱ्या दिवशी भडक का वाटतात?

कारण डोळे सरावतात. थोडा वेळ स्लायडर ओढत बसलं की वाढवलेला रंगच खरा वाटू लागतो, मग आपण तो अजून वाढवतो. म्हणून फोटो काढला त्या दिवशी मी फक्त निवड करतो. हात लावतो दोन-तीन दिवसांनी.

गेल्या श्रावणात वेंगुर्ल्याला जांभ्याच्या गडग्याचा फोटो काढला होता. घाईत सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं, तर दगड केशरी झाला आणि शेवाळ प्लॅस्टिकसारखं. तिसऱ्या दिवशी सगळं पुसलं. व्हाइट बॅलन्स (पूर्ण फोटोची थंड-उबदार छटा) किंचित उबदार केला, हायलाइट्स म्हणजे सगळ्यात उजळ भाग उतरवले, बस्स. ओल्या दगडाची भोकं आणि त्यांत साचलेली काळपट माती तेव्हा कुठे दिसली!

शक्य असेल तर रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) उजेडाच्या 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, 256. समुद्रावरचं ढगाळ आभाळ जास्त ताणलं की जेपेगमध्ये पट्टे पडतात ते त्यामुळेच.

खोलीतला उजेड एकसारखा ठेवा. आणि मधेच उठून अंगणातल्या माडाकडे नीट बघून या. झावळीचा हिरवा रंग आपल्याला आठवतो त्यापेक्षा बराच मळकट असतो.