ॲनिमेमधला सगळ्यात मानभावी व्हिलन कोण?

प्रश्न असा आहे की वरून एकदम सज्जन, न्यायी, देवमाणूस वाटणारा पण आतून पक्का व्हिलन असा ॲनिमेमध्ये सगळ्यात भारी कोण. आधीच सांगतो, डेथ नोट, ब्लीच आणि फुलमेटल अल्केमिस्ट तिन्हीचे दणकून स्पॉइलर आहेत, बघायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.

बहुतेक जण आयझेनचं नाव घेणार, आणि घ्यायलाच पाहिजे म्हणा. ब्लीचमध्ये सोल सोसायटीतल्या (म्हणजे आत्म्यांच्या जगातल्या) पाचव्या तुकडीचा कॅप्टन, चष्मा, मऊ आवाज, हाताखालच्या लोकांशी प्रेमाने वागणारा. मग एके दिवशी त्याचं प्रेत उंच भिंतीवर तलवारीने ठोकलेलं सापडतं, सगळे एकमेकांवर संशय घ्यायला लागतात, आणि हा पठ्ठ्या जिवंतच असतो. त्याला देव मानणाऱ्या हिनामोरीला जवळ घेतो आणि त्याच मिठीत तिला भोसकतो. पुढे टेकडीवर चष्मा हातात चुरडून केस मागे सारतो तो सीन तर सगळ्यांनाच पाठ असेल. पण मला त्याच्यापेक्षा हिनामोरीचा नंतरचा सीन जास्त लागला, म्हणजे एवढं सगळं होऊनसुद्धा ती बालमित्र हित्सुगायाला विनवते की कॅप्टन आयझेनना वाचव, त्यांना कोणीतरी फसवलं असणार.

तरी आयझेन माझा नंबर एक नाही. तो नट आहे. चांगुलपणा हा त्याचा ड्रेस होता, काम झालं, काढून फेकला, आपण चांगले आहोत असं त्याला स्वतःला एक मिनिटसुद्धा वाटलेलं नाही.

फुलमेटल अल्केमिस्टमधला ब्रॅडली त्याच्या वरचा. देशाचा सर्वेसर्वा, आणि हिरो एडवर्ड जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये पडलाय तर भेटायला जातो, येताना टरबुजासारखं मेलन घेऊन येतो, आणि ऑफिसची माणसं शोधत आली की खिडकीतून सटकतो. आपण हसतो, काय गोड म्हातारा आहे म्हणतो. आणि मग इश्वालच्या हत्याकांडाचा फ्लॅशबॅक येतो, तिथला मुख्य धर्मगुरू स्वतः चालत येऊन सांगतो की माझा जीव घ्या पण माझ्या लोकांना सोडा, आणि हाच गोड म्हातारा थंडपणे म्हणतो की तुझा एक जीव म्हणजे एकच जीव, त्याच्या बदल्यात बाकीचे कसे सोडायचे. त्या हत्याकांडाच्या हुकमावर सही पण ह्याचीच. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच.

पण माझं उत्तर डेथ नोटमधला लाइट यागामी. त्याला एक वही सापडते, तिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो, आणि हा 'किरा' या नावाने गुन्हेगार मारत सुटतो. आता लगेच कोणीतरी म्हणेल की तो तर हिरो आहे, त्याने गुन्हेगारच मारले. हेच तर म्हणतोय मी! आयझेनने सोल सोसायटीला फसवलं, ब्रॅडलीने देशाला, लाइटने आधी स्वतःला फसवलं आणि मग बघणाऱ्या आपल्याला. आपल्याकडे एन्काउंटरची बातमी आली की खाली ज्या कमेंट्स पडतात त्या वाचा, किराच्या बाजूने भांडणारे का संपत नाहीत ते कळेल.

पहिल्याच एपिसोडमध्ये हे सांगून टाकलंय. लाइट र्‍यूकला (वही टाकणारा शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव) आपला प्लॅन ऐकवतो की वाईट लोक संपवून फक्त चांगल्या माणसांचं जग करणार, तर र्‍यूक सहज बोलून जातो की मग वाईट असा तू एकटाच उरशील की. एवढी मोठी गोष्ट, आणि लाइट काय म्हणतो, तर काहीतरीच काय, मी तर अभ्यासू, सरळमार्गी मुलगा आहे. म्हणजे चिडत नाही, वाद घालत नाही, त्याला खरंच प्रश्नच कळलेला नाही.

आणि दुसऱ्या एपिसोडमध्ये एक माणूस टीव्हीवर येऊन म्हणतो की किरा जे करतोय ते दुष्टपणा आहे. बस, एवढंच म्हणतो. लाइटच्या लेखी तो काही गुन्हेगार नाहीये, तरी रागाच्या भरात त्याचं नाव लिहितो आणि 40 सेकंदांत माणूस खलास, वर हा ओरडतोय की मीच न्याय आहे. तो माणूस फाशीचा कैदी होता हे किराच्या मागे लागलेला डिटेक्टिव्ह एल नंतर सांगतो, लिहिताना लाइटला ते कुठे माहीत होतं? पुढे एफबीआयचे 12 एजंट मारले, त्यातल्या एकाची होणारी बायको नाओमी मिसोरा, तिच्याशी रस्त्यात गोड गोड बोलून, मी तपास टीममध्येच आहे म्हणून थाप मारून तिचं खरं नाव काढून घेतलं. आता ह्यात कुठला गुन्हेगार होता सांगा.

सगळ्यात भयानक भाग मात्र योत्सुबा कंपनीवाला, जो लोक बोअर म्हणून पळवत बघतात (पाप आहे हे). लाइट डेथ नोटची मालकी सोडतो तेव्हा त्याची आठवण जाते, आणि उरतो तो खराखुरा चांगला मुलगा. आता तपासात सोबत असलेला एल त्याला म्हणतो की मिसा (जिच्यावर संशय आहे ती पोरगी) तुझ्यावर फिदा आहे, तिच्याकडून किराबद्दल माहिती काढ, तर हा साफ नाही म्हणतो, एखाद्या मुलीच्या भावनांशी असं खेळणं त्याला पटत नाही. आणि मग हेलिकॉप्टरमध्ये वही हातात येते, किंचाळतो, सगळं आठवतं, आणि काही क्षणांत घड्याळात लपवलेल्या कागदाच्या तुकड्यावर स्वतःच्या रक्ताने हिगुचीचं (तेव्हा वही वापरणारा किरा) नाव लिहितो. म्हणजे त्याचा मुखवटा बाजारातून आणलेला नव्हता, त्याचाच जुना चेहरा होता तो, म्हणून तर इतका फिट्ट बसला आणि सख्ख्या बापालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

बापाचं तर काय सांगायचं. किराच्या तपासातलाच पोलीस असलेला सोइचिरो शिनिगामीचे डोळे घेतो (त्यांनी माणसाचं नाव आणि उरलेलं आयुष्य दिसतं), मरताना त्याला लाइटचं उरलेलं आयुष्य दिसतं, आणि नियम असा की वहीच्या मालकाचं ते दिसत नाही, त्यामुळे तो सुखाने म्हणतो की तू किरा नाहीस. लाइटने मालकी आधीच दुसऱ्याकडे फिरवलेली असते ना! आणि बाप जातोय आणि हा त्याच्याकडून शत्रू मेल्लोचं खरं नाव काढायच्या मागे.

नारुतोमधला डान्झो का नाही, तर त्याला मुखवटाच नाही, बघताक्षणी कळतं की हा बदमाश आहे, फक्त त्याचं त्यालाच कळत नाही. बर्सर्कमधल्या ग्रिफिथवर वेगळा प्रश्न टाका, त्याला दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.

बरेच जण 25 व्या एपिसोडला एल गेला की डेथ नोट सोडून देतात. पुढचं थोडं ढिलं आहे हे खरंय, एलचा वारसदार निअर मलाही फारसा आवडत नाही, पण एकूण 37 च आहेत, 29 वा आणि शेवटचा तरी बघाच. शेवटी पकडला गेल्यावरसुद्धा लाइट हिशोब सांगत बसतो की युद्धं थांबली, जगातला गुन्हा 70 टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा सगळ्यात साधा, तपास टीममधला सगळ्यात भोळा मात्सुदा रडत विचारतो की मग तुझे वडील कशासाठी मेले? लाइट म्हणतो असली प्रामाणिक माणसंच हरतात, तसं जग हवंय का तुला, आणि त्याच दमात त्याला इतरांना गोळ्या घाल म्हणून सांगतो. मात्सुदा गोळ्या घालतो, पण लाइटवर.