पांढरे दाणे आणि तिसरी नीट

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईचं पत्र आलंय. धाकटा मुलगा स्कूटरवरून पडला, पायाचं हाड मोडलं. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी हाडातल्या पोकळीत पांढरे दाणे भरले आणि म्हणाले, ‘हे विरघळतील, जागी स्वतःचं हाड येईल.’ तेव्हापासून मोठी मुलगी ‘मला हेच करायचंय’ म्हणून बसलीय. बारावीला गणित नव्हतं, नीट दोनदा देऊन झाली. हे काम डॉक्टरचं की इंजिनिअरचं? तिसऱ्यांदा नीटला बसवू का?

ताई, नमस्कार.

फाइलवरच्या स्टिकरवर दाण्यांचं नाव वाचून लेकीने ‘बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट जातं कुठे?’ असं विचारलं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला पत्रात तेवढीच ओळ कामाची वाटली.

दाणे बनवतो इंजिनिअर, भरतो डॉक्टर. पण ते हाडाच्या पेशींना मानवतात का, हे बघायला जीवशास्त्रवाला लागतो. खळग्यांच्या प्लेटमध्ये पदार्थाचा तुकडा, त्यावर पेशी, वर पेशींना पोसणारा गुलाबी द्रव. पॉलिलॅक्टिक आम्ल या विरघळणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा विरघळला की दह्यातलंच लॅक्टिक आम्ल सुटतं. ते साचलं की द्रव पिवळा पडतो, पेशी मरगळतात. मॅग्नेशियमचं उलट: द्रव अल्कधर्मी होतो, शिवाय हायड्रोजनचे बुडबुडे. तुमच्या मुलाचे दाणे त्या मानाने गुणी, विरघळताना कॅल्शियम आणि फॉस्फेट देतात, म्हणजे हाडाचाच माल. मात्र हाड भरायच्या आत ते संपले तर पोकळी उरते. हाडातल्या खनिजासारखंच हायड्रॉक्सीअपटाइट घातलं तर ते वर्षानुवर्षं हलत नाही. सगळी कसरत या विरघळण्याच्या वेगाची.

आणखी एक. पेशी भराभर वाढल्या म्हणजे हाड झालं, असं नाही. हाड घडवायला लागलेल्या पेशींची संख्या वाढणं मंदावतंच. म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम मोजतात (आपल्या रक्ताच्या रिपोर्टात असतं तेच) आणि साधारण तीन आठवड्यांनी अ‍ॅलिझरिन रेड हा रंग घालून कॅल्शियमचे लाल ठिपके बघतात. तोवर दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा. पेशींना रविवार नसतो, भाऊबीजही नसते. हे तिला आधी सांगा.

आता नीट. मी तिसऱ्यांदा बसवणार नाही. दोन वर्षं पुरे झाली. या दोन प्रयत्नांत बीडीएस मिळत असेल तर नाक मुरडू नका, जबड्यात हाडाचे दाणे भरणं दातांच्या डॉक्टरांचं नेहमीचंच काम आहे. नाहीतर बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी. सिमरोलच्या आयआयटीत बायोसायन्सेस आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे, म्हणजे घरापासून खंडवा रोडवर. बीटेकचा हट्ट मात्र सोडा, गणिताशिवाय जेईईचं दार उघडत नाही.

पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. नातेवाईक ‘अजून शिकतेच?’ विचारणार, त्याची तयारी ठेवा.

मुलाचा पुढचा एक्स-रे काढाल तेव्हा तिला बरोबर न्या. जुनी फिल्म शेजारी धरून दाणे कुठे पुसट झालेत, हे डॉक्टरांना तिलाच विचारू द्या.