कापड दुकानातल्या काउंटरवरून इव्हेंटमध्ये जाता येईल का?

तुम्ही विचारलंय: ‘बी.कॉम. झालंय, कोल्हापुरात महाद्वार रोडला कापड दुकानात तीन वर्षं काउंटरला आहे. मार्केटिंग आणि इव्हेंटमध्ये जायचंय, पण अनुभव शून्य. पुढं क्षेत्र बदललं तरी उपयोगी पडतील अशी कोणती कौशल्यं शिकू?’

‘अनुभव शून्य’ हे आधी खोडा. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या पंधरा जणांत पैसे कोण देणार, पसंती कुणाची चालणार आणि रुसून कोण उठणार, हे तुम्ही दहा मिनिटांत ओळखत असणार. क्लायंटच्या मीटिंगमध्येही तेच ओळखायचं असतं. फक्त तिथं चहा जरा फिका मिळतो.

मी स्वतः तालमीच्या मंडळातून या धंद्यात आलो. एकोणिसाव्या वर्षी गणपतीच्या अहवालासाठी जाहिराती गोळा करायचं काम गळ्यात पडलं. पहिले चार दिवस ‘वर्गणी दिलीय की’ आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच ऐकलं. पाचव्या दिवशी गेल्या वर्षीचा अहवाल काखेत मारून निघालो. एक मेडिकलवाले काका म्हणाले, ‘तुमच्या जाहिरातीवरनं एक फोन आला नाही मला.’ त्यांचंच पान उघडलं, तर फोन नंबरातला एक आकडा चुकलेला! आता काय बोलणार? माफी मागितली, यंदा प्रूफवर तुमची सही घेतल्याशिवाय छापत नाही म्हणालो. त्यांनी अर्ध्या पानाची जाहिरात पूर्ण पान केली. तेव्हापासून निमंत्रण असो, फ्लेक्स असो की स्मृतिचिन्ह, नाव ज्याचं त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून आल्याशिवाय मी काही छापायला टाकत नाही.

दुसरी गोष्ट जरा महागात शिकलो. पंप बनवणाऱ्या एका कंपनीची डीलर मीट होती. तारीख पुण्याच्या ऑफिसनं ठरवली. दोनशे ताटं, त्यात दीडशे तांबड्या-पांढऱ्याची. सात वाजल्यापासून एकेक पाहुणा येऊन हळूच विचारायला लागला, ‘चंद्रोदय किती वाजता हो?’ संकष्टी! मटणाची पातेली झाकलेलीच राहिली आणि केटररची पोरं साबुदाणा शोधत गावभर फिरली. पुण्याच्या साहेबांना दोष देऊन भागत नव्हतं, भिंतीवरचं कॅलेंडर मी बघायला पाहिजे होतं. तुम्हा कापडवाल्यांना श्रावण, पितृपक्ष, लग्नसराई तोंडपाठ असते. गिऱ्हाईक कधी, कशासाठी बाहेर पडतं याची ही जाण कुठल्याही क्षेत्रात चालते आणि ती वर्गात बसून येत नाही.

आता जे तुमच्याकडं बहुतेक नसेल ते. एक म्हणजे उलटं वेळापत्रक मांडणं. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवसच रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे गाण्याचा कार्यक्रम पावणेदहाला संपवायचा असं धरून मागं मागं यायचं: सत्कार कधी, भाषणं किती मिनिटं, साऊंडवाला टेस्टिंगला कधी येणार, जनरेटर कुठं उभा राहणार. हे सगळं एका कागदावर, प्रत्येक कामापुढं एकाच माणसाचं नाव. दोन नावं लिहिली की ते काम कुणीच करत नाही.

दुसरं, एका वाक्यात सांगता येणं. ६ मे २०२२ आठवतो? शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी १० वाजता १०० सेकंद कोल्हापूर जिथल्या तिथं स्तब्ध झालं होतं. वेळ एक, कृती एक, आणि १०० वर्षं म्हणून १०० सेकंद. रिक्षावाल्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या दुकानाच्या सेलचा मेसेज इतका सरळ लिहून बघा, मग कळेल किती अवघड आहे ते.

एक्सेल कामापुरतं शिका. कोटेशनवर ‘१८ टक्के जीएसटी वेगळा’ हे लिहायला विसरू नका; मी एकदा विसरलो, नफा त्यातच गेला. ‘इव्हेंट मॅनेजमेंट’चे महागडे कोर्स मात्र सध्या लांबच ठेवा, त्यापेक्षा एका सिझनला एखाद्या मंडपवाल्याच्या किंवा साऊंडवाल्याच्या हाताखाली राबा. आणि नोकरी लगेच सोडू नका. इथली कामं सिझनवर चालतात, पेमेंट तर आणखी रेंगाळतं.

सुरुवात दुकानातूनच करा. मालकांना विचारून गेल्या लग्नसराईत बस्ता बांधलेल्या पन्नास घरांची यादी काढा. प्रत्येकाला स्वतः फोन करा, ‘साड्या कशा निघाल्या?’ एवढंच विचारा आणि नवीन माल आल्याचं जाता जाता सांगा. कोण काय म्हणालं, महिनाभरात किती जण परत आले, किती रुपयांचं घेऊन गेले, सगळं वहीत मांडा. पहिल्या मुलाखतीला बायोडाटाच्या वर ते पान ठेवा.