‘नो मोर कलर’ एकदाच ऐकून सोडू नकोस

अगं, तू लिहिलंयस की कॉरोनर या स्विस थ्रॅश (म्हणजे वेगवान, कडक मेटल) बँडचा ‘नो मोर कलर’ हा अल्बम ऐकला, वाजवलंय भारी, पण संपल्यावर एकही रिफ, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा छोटा तुकडा, डोक्यात राहिला नाही, आता दुसरं काहीतरी सांगा. दुसरं नाही सांगणार. हाच परत ऐक.

हा अल्बम पहिल्या फेरीत हाताला लागतच नाही. आठ गाणी, जेमतेम ३४ मिनिटं, आणि तेवढ्यात इतके रिफ भरलेत की दुसऱ्या बँडचे दोन अल्बम निघाले असते. आपल्याला सवय असते कोरस परत येईल, तिथे मान हलवू, आणि इथे तू मान हलवायला लागेपर्यंत रिफ बदललेला असतो. त्यात रॉन रॉइसचा आवाज कोरडा, खरवडल्यासारखा, सुरात गुणगुणावं असं त्यात काही नाही. बरेच जण इथेच सोडून देतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

झुरिकचे तिघं हे. आधी सेल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडचे रोडी, म्हणजे दौऱ्यात सामान सांभाळणारे, म्हणून फिरलेले, १९८६ च्या डेमोवर तर गायला खुद्द त्या बँडचा टॉम जी. वॉरियर होता. हा तिसरा अल्बम १९८९ चा, बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सचा, मिक्सिंग फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सने केलं, तोच ज्याने त्या सुमारास सेपल्टुरा या मेटल बँडचा ‘बिनीथ द रिमेन्स’ केला. सेपल्टुराचं नाव सगळ्यांना माहिती, कॉरोनरचं मात्र गिटारवाल्यांच्याच तोंडी राहिलं. थ्रॅश म्हटलं की लोक कॅलिफोर्नियाकडे बघायचे, नाहीतर जर्मनीकडे, स्वित्झर्लंडकडे कोण बघणार.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. हेडफोन लाव आणि ‘डाय बाय माय हँड’ घे. पहिल्यांदा फक्त बेस ऐक, गिटारकडे लक्षच देऊ नकोस. बँडमध्ये गिटार एक, बेस एक, ड्रम्स, बस. स्टेजवर गिटारवाला टॉमी वेटर्ली सोलोत शिरला की खाली रिदम धरायला दुसरी गिटार नाही, सगळा भार रॉनच्या बोटांवर, आणि हाच माणूस वरून गातोही. म्हणून त्याचा बेस गिटारच्या मागे लपून बसत नाही, तो रिफ बरोबरीने वाजवतो. दुसऱ्या वेळी मार्कीचे ड्रम्स ऐक. नुसता वेग नाहीये तो, रिफ वळतो तिथे तो कुठे ठोका देतो ते बघ. बँडची तेव्हाची बहुतेक गीतंही त्याचीच, त्यामुळे शब्द कुठे पडणार हे त्याच्या हातांना आधीच माहिती असावं असं मला नेहमी वाटतं.

आणि मग टॉमी. तू त्याचे सोलो उतरवायला बसशील हे मला माहितीये, आधी रिफ उतरव. अर्ध्या वेगात, ताल मोजणारा मेट्रोनोम लावून, उजव्या हाताची कड ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला) टेकवून, प्रत्येक स्वर सुटा ऐकू येईपर्यंत. या अल्बमवर गिचमिड कुठेच नाही, एवढ्या स्पीडमध्येही नाही, आणि ती सफाई येते दाबलेल्या तारांमधून, मधल्या छोट्या छोट्या शांततेतून. सोलोत क्लासिकलचा रंग आहे, पण बोटं किती पळतात हे दाखवायला सोलो टाकलेत असं एकाही गाण्यात वाटत नाही. तुझ्या वयात हे पटणं अवघड आहे, तरी सांगतोय, कारण सध्या तुझ्या वाजवण्यात वेग खूप आहे आणि गाणं कमी.

शेवटचं ‘लास्ट एंटरटेनमेंट’ मात्र वेगळं ठेव, ते रात्री एकटीने ऐक. टीव्हीबद्दलचं गाणं आहे, वेग खाली आलेला, काहीसं यांत्रिक, थंड. बँड पुढे कुठे जाणार ते इथे दिसतं, १९९१ चा ‘मेंटल व्होर्टेक्स’ आणि १९९३ चा ‘ग्रिन’ याच वाटेने गेलेत, रिफ कमी, ते जास्त वेळ धरून ठेवलेले. मला विचारशील तर ‘मेंटल व्होर्टेक्स’ जास्त परिपूर्ण आहे, पण ‘नो मोर कलर’मध्ये वेग आणि विचार दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीने आहेत, आणि तसं त्यांच्याकडूनही परत झालं नाही.

तुझ्या कॉलेजच्या बँडमधला तो बेसवाला आहे ना, त्याला पण ऐकव. ‘मिस्ट्रेस ऑफ डिसेप्शन’चा एक रिफ दोघं मिळून बसवा, ड्रम्सशिवाय, समोरासमोर बसून. जमला की रेकॉर्डिंग पाठव, बेसचा आवाज नीट येऊ दे त्यात.