‘जागतिकरण’ नव्हे, आणि ‘करण’ तरी दर वेळी कशाला?

प्रश्न आला आहे तो असा: ‘जागतिकरण’ बरोबर की ‘जागतिकीकरण’? आणि हिंदीतलं ‘वैश्वीकरण’ मराठीत चालेल का?

‘जागतिकीकरण’. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण गेल्या महिन्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. व्यासपीठामागे हातहातभर अक्षरांत ‘जागतिकरणाची आव्हाने’ असा फलक. चहाच्या वेळी आयोजकांना म्हटलं, एक ‘की’ राहिलीय. ते म्हणाले, “कसली की, सर? हॉल उघडाच आहे.” तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून थोडं लांबवतो.

जगत् म्हणजे काय, त्याचं जागतिक कसं झालं, हे सोडून देऊ. शाळेतच होतं ते. गंमत आहे ती त्या हरवलेल्या ‘की’मध्ये. तिथे संस्कृतातला ‘च्वि’ नावाचा प्रत्यय दडलेला आहे. पाणिनीच्या व्याकरणात, पाचव्या अध्यायातल्या एका सूत्रात, तो सांगितलाय. असा संकोची प्रत्यय दुसरा नसेल: शब्दाला लागतो आणि लागल्या लागल्या स्वतः अख्खा नाहीसा होतो. जाताना शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ करून जातो, एवढीच काय ती खूण. शुद्धचं शुद्धीकरण, सबलचं सबलीकरण, राष्ट्रीयचं राष्ट्रीयीकरण (इथेही ‘राष्ट्रीयकरण’ म्हणणारे आहेतच, १९६९ मध्ये १४ बँका राष्ट्रीयीकृत झाल्या, तरी ‘यी’ काही जमा झाली नाही). आणि या ‘ई’चा अर्थ काय, तर अभूततद्भाव. जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं.

आता काही भाषाशास्त्री मंडळी सांगतात की दोन सारखी अक्षरं शेजारी आली की जीभ एक गाळते, नाककट्याचा नकटा झालाच ना, मग ‘जागतिकरण’ही मान्य करा. नकट्यातला एक ‘क’ गेला तरी नाक गेल्याचं कळतं हो! इथे मात्र जे गळतं तोच सगळा मुद्दा आहे. जिभेच्या आळसाला शास्त्र म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मुद्दा कसा, ते पाहा. जग ‘आधी जागतिक नव्हतं, मग झालं’ असं हा शब्द ठासून सांगतो. पण कधी झालं? यावरच तर विद्वानांची हाणामारी चालू आहे. इमॅन्युएल वॉलरस्टीन म्हणतो, सोळाव्या शतकाच्या आसपास, युरोपाच्या भांडवलशाहीबरोबर. आंद्रे गुंडर फ्रँक त्याच्यावर उखडतो: पाचशे नव्हे, पाच हजार वर्षांची व्यवस्था आहे ही. फ्लिन आणि गिराल्डेझ थेट सालच देतात, १५७१. त्या वर्षी स्पॅनिश लोकांनी मनिला वसवलं आणि अमेरिकेतली चांदी पॅसिफिक ओलांडून चीनकडे जायला लागली. ओरूर्क आणि विल्यमसन हे अर्थशास्त्री हिशेबी; त्यांच्या मते नुसती गलबतं फिरून भागत नाही, दूरदूरच्या बाजारांतले भाव एकमेकांच्या जवळ यायला हवेत, आणि ते १८२० नंतरचं. हर्स्ट आणि थॉम्प्सन म्हणतात, झालंय ते फार तर आंतरराष्ट्रीय. देश आणि सरकारं होती तिथेच आहेत. माझ्या लेखी ही सगळी भांडणं एकाच गोष्टीवर आहेत: च्वि नेमका कधी लागला? हर्स्ट-थॉम्प्सन यांचं म्हणणं, लागलाच नाही. पाणिनीला विचारलं असतं तर निदान भांडणाचा विषय तरी लवकर कळला असता.

आणि त्याच सूत्रात पुढची मेख आहे. हा च्वि फक्त तीन धातूंशी जमवून घेतो: कृ (करणं), भू (होणं) आणि अस् (असणं). म्हणजे ‘करण’ होतं तसं ‘भवन’ही होतं. भूगोलाच्या पुस्तकातलं जलचक्र आठवा, बाष्पीभवन आणि सांद्रीभवन. तिथे कोणी खुर्चीत बसून वाफ करत नाही, ती होते. उलट खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, आपलं ते ‘खाउजा’, या तिन्हींत ‘करण’ आहे. म्हणजे कर्ता आहे. १९९१ च्या जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी गेलं, २४ तारखेला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. हे झालं नाही, केलं गेलं. इंग्रजी शब्द कर्ता गुलदस्त्यात ठेवतो, मराठी शब्द त्याला उभा करतो. ‘जागतिकीकरण अटळ आहे’ म्हणणाऱ्या वक्त्यांनी म्हणूनच ‘जागतिकीभवन’ म्हणावं. मग वाद नाही.

हा शब्द मी गेली काही वर्षं चिकाटीने वापरतो आहे. अजून तरी एकटाच.

पण तो लागतो हो. मिरची घ्या. अमेरिकेतलं फळ, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे उतरलं. त्याला नाव काय द्यावं? तिखट म्हटल्यावर आपल्याला ठाऊक होतं ते मिरं, संस्कृत ‘मरिच’. तेच नाव या परक्या फळाला चिकटलं. तिकडे स्पॅनिश लोकांनीही हेच केलं: मिऱ्याला ‘पिमिएंता’, मिरचीला ‘पिमिएंतो’. जे मिरं नव्हतं ते मिरं झालं, अस्सल अभूततद्भाव, तोही दोन खंडांत, एकमेकांना न विचारता. पोर्तुगीजांनी आणली म्हणजे कर्ता आलाच, असं कोणी म्हणेल. आणली त्यांनी, पण ठेच्याचा ठराव कुठल्या परिषदेत झाला नव्हता. हे भवनच.

हां, ‘वैश्वीकरण’ राहिलंच. चालेल, च्वि त्यातही आहे. आणि लिहिताना ‘ति’ ऱ्हस्व, ‘की’ दीर्घ.